टेक्सासच्या उथळ खाडीत रेडफिश दिसतो, पण फ्लाय पडली की उधळतो. काय चुकतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ह्यूस्टनला राहतात, रत्नागिरीकडच्या खाडीत गरी टाकत वाढलेत. ८ वेटचा (वेट म्हणजे रॉडला जुळणाऱ्या लाइनच्या वजनाचा क्रमांक) फ्लाय रॉड घेतलाय आणि मैदानावर ६० फूट लाइन सरळ जाते. रॉकपोर्ट, पोर्ट अरान्सासच्या बाजूला गुडघाभर पाण्यात रेडफिश दिसतातही, पण फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोऱ्याने बांधलेलं नकली आमिष, टाकली की पळतात. रॉड बदलावा, फ्लाय बदलावी की सरळ गाइड घ्यावा? आणि भरतीचा हिशेब जुळत नाही, तो का?

रॉड तोच ठेवा. ९ फुटी, ८ वेटचा रॉड या माशाला अगदी योग्य आहे. ६० फूट टाकता येत असेल तर इथे लागतं त्याहून जास्तच येतं तुम्हाला. इथले बहुतेक मासे ५० फुटांच्या आत मिळतात, तिवरांच्या कडेला तर २०-२५ फुटांतही. गडबड होतेय ती फ्लाय हवेत जाण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात: मासा उशिरा दिसणं, घाईने पुढे जाणं आणि चुकीच्या कोनातून टाकणं. त्याकडे येतोच. आधी भरतीचं बोलू, कारण कोकणातला माणूस पहिल्यांदा तिथेच अडकतो.

आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास पाणी भरणार, हे खाडीकाठच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण. टेक्सासच्या किनाऱ्यावर यातलं काही चालत नाही. मेक्सिकोच्या आखाताच्या या भागात बहुतेक दिवशी एकच भरती आणि एकच ओहोटी असते. तीही फार तर फूट-दोन फुटांची, आणि आतल्या खाड्यांत काही इंचांवर येते. ही भरती चंद्राच्या कलेपेक्षा चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे यावर जास्त अवलंबून असते. म्हणून तिथीवरून काढलेली वेळ तुम्हाला फसवते.

इथे पाणी हलवतो तो वारा. हिवाळ्यात उत्तरेचा गार वारा सुटला की तो खाडीतलं पाणी समुद्राकडे लोटतो आणि काल जिथे गुडघाभर होतं तिथे आज चिखल उघडा पडतो. मग मासे फ्लॅटवरून, म्हणजे उथळ सपाट तळावरून, उतरून जवळच्या खोल नाळीत जातात. ऋतूचाही फरक मोठा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी वर्षातलं सगळ्यात चढं, भर हिवाळ्यात सगळ्यात खाली, वसंतात पुन्हा थोडं वर आणि भर उन्हाळ्यात पुन्हा उतरलेलं. निघण्याआधी नोआ या अमेरिकी हवामान-सागर संस्थेच्या संकेतस्थळावर रॉकपोर्टच्या केंद्राचा आलेख उघडा. त्यात अंदाजित पातळी आणि प्रत्यक्ष पातळी अशा दोन रेषा असतात. मी फक्त दुसरी बघतो. पाणी अंदाजापेक्षा चांगलं फूटभर वर असेल तर मासे गवतात, तिवरांच्या मुळांत शिरलेले असणार. खाली असेल तर फ्लॅटच्या बाहेरच्या कडेला आणि नाळींच्या तोंडाशी.

आता मासा. रेडफिश म्हणजे रेड ड्रम, आपल्या घोळ आणि ढोम्याच्याच कुळातला. अंग तांबूस, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, कधी एकाहून जास्त. पण तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे त्याचं तोंड. ते खालच्या बाजूला आहे, कारण तो तळ धुंडाळून खातो: खेकडे, कोळंबी, गवतातले बारके मासे. पहिली तीन-चार वर्षं तो खाडीत काढतो आणि वयात आला की आखातात निघून जातो. म्हणून फ्लॅटवर भेटणारा मासा सहसा दोन-अडीच फुटांच्या आतला असतो. आखातातले थोराड मासे हा वेगळाच प्रकार आहे. जागतिक विक्रम ९४ पौंड २ औंसांचा आहे, १९८४ मध्ये उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर पकडलेला.

तो दिसतो कसा, यावर वेळ घालवा. शेपटी वर काढून खाणारा मासा कोणालाही दिसतो. तांबूस शेपूट, कडेला निळसर झाक, आणि ती हलते ती सुद्धा सावकाश, कारण खाली तोंडाने गवत उपसणं चाललेलं असतं. खरी कमाई बाकीच्या खुणांत आहे. पाण्याखालून जाणारा रेडफिश पृष्ठभागावर एक रुंद, एकसारखी लाट ढकलत नेतो. बोयट्यांची लाट बारीक आणि घाईची, इकडून तिकडे वळणारी, आणि मधेच एखादी बोय उडी मारतेच. पहिल्या वर्षी निम्मी फ्लाय बोयींवरच खर्च होते सगळ्यांची, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पाकट तळ ढवळत जात असेल तर त्या गढूळ पट्ट्याकडे नीट बघा. पाकटाच्या मागे मागे, उडालेला खेकडा उचलायला रेडफिश चालतो. शरदात लाफिंग गल जातीचे समुद्रपक्षी उथळ पाण्यावर दोन-तीन फुटांवर फडफडत तरंगताना दिसले, तर खाली कोळंबी उसळतेय आणि तिच्यामागे रेडफिशचा कळप आहे असं बेलाशक समजा.

सगळ्यात अवघड म्हणजे नुसता उभा राहिलेला मासा. गवतातल्या वाळूच्या पांढऱ्या खड्ड्याच्या कडेला तो ओंडक्यासारखा पडून असतो. तो शोधताना मासा शोधू नका, तळावरची सावली शोधा, आणि खड्ड्याची कडा जिथे विनाकारण जाड वाटते ती जागा. त्यासाठी सूर्य पाठीशी हवा, चष्मा पोलराइज्ड हवा, काच अंबर किंवा तांबूस रंगाची आणि टोपीच्या झापेची खालची बाजू गडद. सकाळी लवकर सूर्य तिरपा असतो तोवर पाण्याच्या आत काही दिसत नाही. तेव्हा फक्त शेपट्या आणि लाटा बघायच्या. साडेनऊ-दहानंतर आतले मासे दिसू लागतात. त्यामुळे भल्या पहाटे पोहोचून दहाला परतणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं.

मासा दिसला की तुम्ही त्याच्याकडे चालत जाता, हो ना? थांबा. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढे दाबाची लाट पाठवतो आणि माशाच्या अंगावरच्या रेषेला ती तुमच्या फ्लायच्या कितीतरी आधी कळते. मासा तुमच्या दिशेने येत असेल तर जागेवर उभे राहा, किंचित वाका आणि त्याला येऊ द्या. जावंच लागलं तर पाय पाण्यातून वर न काढता, तळाला घासत, मांडीवर पाणी चढू न देता. कायाकमधून बघत असाल तर वल्हं काठावर आपटण्याचा एक आवाज पुरतो. बहुतेक जण शेवटच्या टप्प्यात उतरून चालतात ते यासाठीच.

चालतानाही तयार असायला हवं. रीलमधून ४० फूट लाइन काढून ठेवलेली, त्यातली १०-१५ फूट रॉडच्या टोकाबाहेर, आणि फ्लाय डाव्या हातात, गळाच्या वाकाला धरलेली. मासा दिसला की एक रोल (लाइन मागे न फेकता पुढे उलगडत सोडणं), एक फॉल्स कास्ट (फ्लाय पाण्याला न टेकवता लाइन हवेत मागेपुढे करणं) आणि टाकलं. मैदानात सराव करताना तुम्ही लाइन चार-पाच वेळा मागेपुढे करत असणार. इथे ती सवय मोडा. प्रत्येक फॉल्स कास्टला लाइनची सावली माशावरून जाते आणि लाइनवरचं पाणी त्याच्या डोक्यावर शिंतडतं. सराव करायचा तर असा करा: १५ फूट लाइन बाहेर, फ्लाय हातात, घरातल्या कोणाला तरी अंगणात कुठलीही थाळी टाकायला सांगा आणि पाच सेकंदांत, दोन झटक्यांत, थाळीच्या पुढे फूटभर फ्लाय पाडा. ३५ फुटांवर हे जमलं की ६० फुटांची गरज क्वचित पडते.

आणि आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. तुम्ही म्हणता, फ्लाय पडली की पळतात. माझा अंदाज असा की फ्लाय पडल्यावर नाही, तुम्ही ती ओढायला सुरुवात केल्यावर पळतात. मासा डावीकडून उजवीकडे चाललाय, तुम्ही फ्लाय त्याच्या पलीकडे आणि जरा मागे टाकली, ओढली, आणि ती थेट त्याच्या अंगावर आली. खेकडा किंवा कोळंबी माशावर चाल करून जात नाही. आपल्याकडे झेपावणारी कुठलीही वस्तू त्याच्या लेखी संकट आहे, मग ती कितीही खाण्यासारखी दिसो. फ्लाय नेहमी त्याच्या वाटेला छेद देत किंवा त्याच्यापासून दूर पळताना दिसली पाहिजे. चालत्या माशाला त्याच्या पुढे चार ते सहा फूट आणि वाटेच्या थोडं पलीकडे टाका, ओढून वाटेवर आणा आणि मासा जवळ येईपर्यंत तशीच राहू द्या. मग एक आखूड ओढ. समोरून तोंड करून येणारा मासा सगळ्यात सोपा, कारण तुम्ही ओढलं की फ्लाय आपोआप त्याच्यापासून पळते. पाठ करून चाललेल्या माशावर फ्लाय टाकूच नका. लाइन पाठीवर पडणार. वळसा घालून पुढे जाता आलं तर जा, नाहीतर सोडून द्या.

शेपटी वर काढलेल्या माशाचं गणित उलटं असतं. त्याचं डोकं गवतात, डोळ्यांपुढे धुरळा. चार फूट पुढे टाकलेली फ्लाय त्याला दिसतच नाही. इथे धीट व्हायला लागतं, डोक्यापासून फूट-दीड फुटावर, हलक्या हाताने. शेपूट खाली जाईपर्यंत थांबा, कारण शेपूट खाली म्हणजे डोकं वर, आणि तेव्हाच त्याला काही दिसतं. मग इंच-दोन इंचांची ओढ.

खातानाचं दृश्य एकदा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हात चुकणार नाही. मासा फ्लायकडे वळतो, वेग घेतो, मग एकदम थबकून नाक खाली करतो. शेपटीला झटकन थरथर येते, कल्ल्यांची झाकणं क्षणभर उघडतात आणि त्यांतून वाळूचा बारीक ढग सुटतो. खाल्लं. लाइनला अजून काही जाणवलेलं नसतं. तुम्हाला रॉड वर उचलावासा वाटेल, गरीला झटका देतो तसा. उचललात की फ्लाय त्या खालच्या तोंडातून सुटून वर येते आणि मासा गेला. रॉडचं टोक पाण्याजवळ, सरळ माशाकडे, आणि बैलाचा कासरा ओढावा तशी लाइन हाताने लांब, सरळ मागे. जड लागलं की मग रॉड उचला. सुटलं तरी फ्लाय तिथेच, माशासमोर राहते, आणि तो बऱ्याचदा परत घेतो. नंतर लाइन पायात, बटनात, कायाकच्या खुंटीत अडकत नाही ना एवढं बघायचं, तोवर मासाच रीलपर्यंतची ढिलाई संपवतो.

वाऱ्याचं एक सांगायला हवं, कारण टेक्सासच्या किनाऱ्यावर शांत दिवसाची वाट बघणारा घरीच बसतो. दुपारपर्यंत आग्नेयेचा वारा बहुधा येतोच. मासा आणि सूर्य सोयीच्या बाजूला ठेवून वारा डाव्या खांद्यावर येईल असं चाला (उजव्या हाताने टाकत असाल तर). समोरून वारा असेल तर मागची फेक उंच आणि पुढची खाली, पाण्याला लागून. जोर वाढवला की लूप (हवेतल्या लाइनचा वळसा) फाटतो, तेव्हा जोर नको, डाव्या हाताने लाइन खेचणं नीट शिका.

सामानाचं लवकर आटपतो. पुढे जड असलेली तरंगती लाइन, उष्ण हवेसाठी बनवलेली. थंड पाण्याच्या लाइनी टेक्सासच्या उन्हात मऊ पडून कड्यांना चिकटतात. लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्या मधला पारदर्शक दोरा) ९ फूट, टोक १६ किंवा २० पौंडी फ्लोरोकार्बनचं, कारण कालवांच्या धारा बारीक टोक कापतात. रीलचा ड्रॅग (ब्रेक) खाऱ्या पाण्यापासून बंदिस्त असलेला, लाइनच्या मागे शंभर-दीडशे यार्ड बॅकिंग, म्हणजे जादा दोरी. घरी आल्यावर रील आणि कड्या गोड्या पाण्याखाली हलक्या धारेने धुवा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत जातं.

फ्लायबद्दल लोक फार डोकं खातात. माझ्या डबीत तीनच गोष्टी कायम असतात: एक खेकड्यासारखी, एक कोळंबीसारखी आणि एक चकचकीत चमचा-फ्लाय, जी गढूळ पाण्यात चालते. गळ ४ ते २ नंबरचा, पुढे नायलॉनचा गवतरोधक. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी नदीतल्या स्मॉलमाउथ बाससाठी बनवलेली क्लाउझर मिनो इथेही चालते, पण शिशाचे जड डोळे असलेली नको. फूटभर पाण्यात ती धपकन पडते आणि गवतात रुतते. मण्यांच्या साखळीचे हलके डोळे बांधा. रंगापेक्षा ती कशी पडते आणि किती वेगाने बुडते, हे महत्त्वाचं. पाण्यावर चालणारी पॉपरही ठेवा. तोंड खाली असल्यामुळे मासा ती घ्यायला अर्धा पाण्याबाहेर येऊन डोकं मारतो आणि निम्म्या वेळा हुकतो. मासे कमी मिळतात, मजा फार येते.

पाय तळाला घासत चालायला सांगितलं त्याचं दुसरं कारण पाकट. त्यांच्यावर पाय पडला तरच काटा मारतात, धक्का लागला की निघून जातात. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि तिथून डॉक्टरकडे. अंगावर उघडी जखम असेल तर उन्हाळ्यात या पाण्यात उतरू नका. व्हिब्रिओ नावाचा जंतू कोमट खाऱ्या पाण्यात असतो आणि त्याचा संसर्ग जिवावर बेततो. तळाला कालवांची पात्यासारखी टरफलं असतात, तेव्हा चपला नकोत, जाड तळाचे बूट. आणि ढग गडगडले की रॉड खाली. तो ग्राफाइटचा आहे, त्यातून वीज वाहते.

नियम पाठ करून जा. टेक्सासात लायसनसोबत खाऱ्या पाण्याची वेगळी परवानगी लागते. मासा २० ते २८ इंचांमधला असेल तरच ठेवायचा, माणशी दिवसाला ३. २८ च्या वरचा ठेवायला टॅग लागतो. लुइझियानाला गेलात तर तिथे २०२४ पासून १८ ते २७ इंच आणि ४ मासे, त्याहून मोठा एकही नाही. हे आकडे बदलत असतात, निघण्याआधी दोन्ही राज्यांचं पान उघडून बघावं. एवढी कडक शिस्त उगाच आलेली नाही. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुधोम यांचा मसाला लावून तव्यावर काळा केलेला रेडफिश देशभर गाजला आणि आखातातले थोराड मासे जाळ्यांनी बेसुमार उपसले गेले. टेक्सासने त्याआधीच, १९८१ मध्ये, इथल्या रेडफिशची विक्री बंद केली होती. नंतर आखाताच्या केंद्रीय हद्दीतही पकडबंदी आली, आणि सरकारी उबवणी केंद्रांतून खाड्यांत पिल्लं सोडली जाऊ लागली. आज हॉटेलात रेडफिश मिळतो तो बहुधा शेततळ्यातला.

मोटरबोट असलेल्या मित्राबरोबर जाल तेव्हा हेही लक्षात ठेवा: पंख्याने समुद्री गवत मुळासकट उपटणं रेडफिश बे इथे २००६ पासून आणि पूर्ण टेक्सास किनाऱ्यावर २०१३ पासून गुन्हा आहे. गवतात पडलेल्या त्या चऱ्या भरायला वर्षं लागतात.

ठेवायचा मासा ठेवा, त्यात लाज कसली. २०-२२ इंची चवीला सगळ्यात बरा. खवले इतके जाड की इथले लोक ते काढतच नाहीत, कातडीसकट तुकडा खवल्यांच्या बाजूने निखाऱ्यावर ठेवतात. आमच्याकडे त्याला आगळ, हळद, तिखट, मीठ लावून अर्धा तास ठेवतो आणि मग तसाच भाजतो. डोकं फेकू नका, कालवणाला त्याच्यासारखं काही नाही. सोडायचा असेल तर गळाचा काटा आधीच पक्कडीने दाबलेला असावा, हात ओले असावेत आणि फोटो पाण्याच्या वर वीतभर धरून एकच.

गाइड घ्यावा का? एकदा घ्या, पण त्याला सांगा की मासे मोजायचे नाहीत, बघायला शिकायचंय. तो उंचावरून बांबू मारत असतो आणि “दहा वाजता, चाळीस फूट, डावीकडे चाललाय” असं म्हणतो. बोटीचं टोक म्हणजे बारा. रॉड त्या दिशेला धरा, तो टोक हलवायला सांगेल, आणि जोवर तुम्हाला स्वतःला मासा दिसत नाही तोवर टाकू नका. अशा एका दिवसात डोळा तयार होतो.

स्वतःहून जायचं तर ऑक्टोबर धरा. अरान्सास पासहून पोर्ट अरान्सासला जाणाऱ्या ३६१ नंबरच्या रस्त्यावरून लाइटहाउस लेक्सची कायाकवाट सुरू होते. तिवरांमधून छोटी छोटी तळी, तळ बराचसा टणक, मोटरबोटींचा त्रास कमी. उजाडताना कायाक सोडा, पहिल्या मोठ्या तळ्याच्या वाऱ्याआडच्या कडेला उतरा आणि सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरून तासभर नुसते उभे राहा. फ्लाय हातातच असू द्या.